काढा, चूर्ण, जायफळ आणि पहाटेचे सव्वातीन

प्रिय ताई,

वय ४४, राहणार बदलापूर. फोर्टला एका खासगी ऑफिसात अकाउंट्सला आहे. पावणेपाचला उठते, डबे करून सातच्या गाडीला पळते, घरी यायला रात्रीचे साडेआठ होतात. मिस्टर अंबरनाथच्या एमआयडीसीत, शिफ्ट बदलती. मुलाची बारावी झाली, सीईटीही झाली, आता निकालाची धाकधूक. सासूबाई ७४ च्या, गुडघ्यांमुळे फारशा हलत नाहीत. मला थायरॉइडची गोळी सहा वर्षांपासून आहे आणि बीपीची दोन वर्षांपासून. बीपीची मार्चमध्ये वाढवली.

चार महिने झाले, रोज पहाटे तीन-सव्वातीनला जाग येते, छातीत धडधडतं, मग डोळ्याला डोळा नाही. ऑफिसात आकड्यांत चुका होतात, घरी सगळ्यांवर खेकसते आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते. कधी कधी वाटतं, गाडीने सीएसएमटीला थांबूच नये, अशीच पुढे जात राहावी.

मला झोपेच्या गोळ्या नकोत. मी सगळं नैसर्गिकच करते. उठल्यावर गरम पाण्यात लिंबू-मध, त्याच पाण्यासोबत थायरॉइडची गोळी, मग चहा. मैत्रिणीने गावाहून आणलेलं अश्वगंधा चूर्ण डिसेंबरपासून सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा. घशाला आणि प्रतिकारशक्तीला चांगला म्हणून सुंठ-मिरी-ज्येष्ठमधाचा काढा जानेवारीपासून रोज. ऑफिसात चार-पाच चहा होतात म्हणून त्यातला शेवटचा आता ग्रीन टी केलाय. रात्री दुधात पाव चमचा जायफळ पूड. मोबाइलवर ध्यानाचं अ‍ॅप घेतलंय, अकरानंतर वेळ मिळाला की लावते. योगासनं चार दिवस केली. पाचव्या दिवशी त्या नादात कुकर लावायचा राहिला, तेव्हापासून बंद.

एवढं करूनही फरक नाही. अश्वगंधा दुधातून घ्यावं की तुपातून? आणखी काय घेऊ?

— पहाटे जागी, बदलापूर


प्रिय पहाटे जागी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. आणखी काही घेऊ नका. आहे त्यातलंच बरंच काही उद्या सकाळपासून बंद करायचंय.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. डी. फार्म करून सव्वीस वर्षं डोंबिवलीत आमच्या मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले. त्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "ताई, झोपेसाठी काहीतरी आयुर्वेदिक द्या ना, साइड इफेक्ट नसलेलं." मागणाऱ्या बहुतेक बायकाच. हातात दुसऱ्याच कुठल्या गोळ्यांची चिठ्ठी. "आणखी काय चालू आहे?" असं विचारलं की म्हणायच्या, "काही नाही." चूर्ण, काढा, शेजारणीने दिलेली पुडी हे सगळं त्या 'काही नाही'त मोडायचं. डॉक्टरांनाही त्या हेच सांगत. तुम्ही निदान सगळं लिहिलंत, महिन्यांसकट. म्हणून मी तुमचं पत्र पुन्हा वाचताना शेजारी कॅलेंडर घेऊन बसले.

डिसेंबरात चूर्ण सुरू. जानेवारीत काढा सुरू. साधारण तेव्हापासूनच पहाटेची जाग आणि धडधड. मार्चमध्ये बीपीची गोळी वाढली. आता मे चालू आहे. हा योगायोगही असू शकतो. जानेवारीत मुलाच्या बारावीची धास्तीही होतीच. पण तुमच्या डॉक्टरांना या चार तारखा माहीत आहेत का? माझी खात्री आहे की नाहीत.

अश्वगंधेपासून सुरुवात करू. आपल्याकडची जुनी माणसं तिला आस्कंद म्हणतात. ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा, आणि तिच्या शास्त्रीय नावातल्या 'सोम्निफेरा'चा अर्थच झोप आणणारी. तिची टिंगल मी करणार नाही. ताण आणि झोप यांच्यासाठी तिच्या मुळीवर माणसांत छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि काहींत बरा फरकही दिसला आहे. पण जी वस्तू शरीरात काही घडवून आणते, ती नको तेही घडवू शकते. अश्वगंधेमुळे थायरॉइडच्या हार्मोनची रक्तातली पातळी वाढू शकते. तुम्ही तेच हार्मोन गोळीतून आधीच घेताय. हे हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं तर काय होतं, ते ऐका: छातीत धडधड, झोप उडणं, चिडचिड, घाम, हाताला कंप. यातल्या तीन गोष्टी तुमच्या पत्रात आहेत. काही लोकांच्या यकृतालाही तिने त्रास दिलेला आहे. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी मला जरा अतिच वाटते. पण थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बाईने डॉक्टरांना न विचारता रोज दोन चमचे घेणं हे त्याच्या दुसऱ्या टोकाचं अति आहे.

त्यात तुमचं चूर्ण सुटं. डब्यावर ना परवाना क्रमांक, ना बॅच नंबर, ना तारीख. आत मुळी आहे, पानं आहेत की आणखी काही, ते तुम्हाला ठाऊक नाही आणि मैत्रिणीलाही नाही. तेव्हा दूध की तूप हा प्रश्नच मिटला.

गंमत अशी, की गोळीचं दुसऱ्या बाजूनेही नुकसान चाललंय. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा-दूध-खाणं काही नाही. चहा-कॉफी लगेच घेतली की ती पोटातून नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी घेत असाल, तर ती चार तास लांब. म्हणजे गोळी कमी पोचतेय आणि चूर्ण पातळी वाढवतंय अशी ओढाताण असू शकते, आणि बाहेरून बसून ती कुणालाच सांगता येणार नाही. रक्त तपासल्यावरच कळेल. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा, चूर्णाचा डबा पिशवीत घालून न्या आणि टीएसएच, टी-३, टी-४ या थायरॉइडच्या तपासण्या करून घ्यायच्या का ते विचारा. हिमोग्लोबिन आणि बी-१२ बद्दलही विचारा. पाळी मागेपुढे होतेय का, रात्री घामाने उशी ओली होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल तर तेही सांगा. चव्वेचाळिशीत झोप मोडायचं ते एक अगदी नेहमीचं कारण असतं आणि आपण मात्र त्याला 'टेन्शन' म्हणून मोकळ्या होतो.

थायरॉइडची आणि बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. बंद करायचं ते चूर्ण.

आता काढा. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, आयुष मंत्रालयाने जो काढा सांगितला होता त्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी होती. ज्येष्ठमध त्यात नव्हतं. ते लोकांनी आपापल्या घशाच्या प्रेमापोटी घातलं. घसा बसला म्हणून दोन-चार दिवस काडी चघळली तर काही बिघडत नाही, गाणारे लोक चघळतातच. पण महिनोन् महिने रोज पोटात गेलं, तर ज्येष्ठमध शरीरात मीठ-पाणी साठवून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. परिणामी रक्तदाब चढतो. पोटॅशियम उतरलं की धडधडही होते. मार्चमध्ये वाढलेल्या तुमच्या गोळीमागे हा काढा असेलच असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांना तो सांगितलाच पाहिजे, म्हणजे ते पोटॅशियम बघतील आणि कदाचित गोळीचाही फेरविचार करतील. आणि हो, बदलापुरात मे महिन्यात सुंठ-मिरीचा काढा! तुमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, फॅन गरम हवा फेकतो, आणि तुम्ही पोटात शेगडी पेटवताय.

लिंबू-मधाच्या पाण्यावर फार वेळ घालवत नाही. एवढंच सांगते, की ज्या आयुर्वेदाच्या नावाने घरोघरी हे कढत पाणी पितात, त्याच आयुर्वेदात मध तापवू नये असं स्पष्ट सांगितलंय.

जायफळाचं मात्र थोडं सविस्तर. ते आपल्या घरातलं जुनं झोपेचं औषध. पण बाळगुटी देणाऱ्या आजीला तुम्ही कधी पाहिलंय? सहाणेवर जायफळ धरायची आणि वेढे मोजायची. एक वेढा, फार तर दोन. चमच्याची भाषाच नव्हती. पुडीची बाटली आली आणि मोजमाप गेलं. पाव चमच्याने तुम्हाला काही अपाय होईल असं नाही, पण फरक पडत नाही म्हणून ते अर्धा, मग एक चमचा होतं. बायका माझ्या काउंटरवर येऊन हे सांगायच्या. चमचाभर जायफळ पोटात गेलं तर तोंडाला कोरड, जोरजोरात धडधड, डोकं भ्रमिष्टासारखं, एवढं सगळं होऊ शकतं. श्रीखंडात घालतो तेवढी चिमूट दुधात टाकायची असेल तर खुशाल टाका. चवीला छान लागतं, आणि झोपण्याआधी कोमट दूध घेऊन पाच मिनिटं शांत बसण्याला स्वतःचा असा गुण आहेच.

राहता राहिला चहा, आणि मला विचाराल तर या सगळ्यात सगळ्यात दुर्लक्षित आरोपी तोच आहे. सकाळचा एक आणि ऑफिसातले चार-पाच. त्यातला शेवटचा ग्रीन टी झालाय, पण कॅफिन ग्रीन टीतही असतं. हिरवा रंग बघून ते पळून जात नाही. कॅफिन शरीरातून निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. सहा वाजता, निघायच्या आधी जो कप घेता, त्यातलं निम्मं रात्री अकराला तुमच्या रक्तात फिरत असतं, नेमकं तुम्ही ध्यानाचं अ‍ॅप लावता तेव्हा. दुपारी दोननंतर चहा बंद. एकदम नको, डोकं ठणकेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल. तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करा. हाताला कप लागतोच अशी सवय असेल, तर बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा लावा. बदलापूरच्या हवेत तो तणासारखा वाढतो. दोन पाती, आल्याचा तुकडा, पाणी, आणि चहापत्ती अजिबात नाही. ऑफिसात थर्मासमध्ये नेता येतो. या दिवसांत ताक किंवा कोकमाचं पाणी त्याहून बरं, फक्त बीपी आहे म्हणून मीठ जेमतेम.

चहाने आणखी एक नुकसान केलंय. तुमच्या पत्रात पावणेपाचपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाण्याचा उल्लेखच नाही. चहा भूक मारतो, आणि अकराच्या सुमारास पोटात काही नसताना हातपाय थरथरायला लागले की आपल्याला वाटतं, टेन्शन आलं. अर्धं टेन्शन ते भुकेचं असतं. सगळ्यांचे डबे भरताना स्वतःसाठी अर्धी पोळी गूळ-तूप लावून गुंडाळी करा आणि प्लॅटफॉर्मवर खा. पर्समध्ये फुटाणे, दोन खजूर, राजगिऱ्याची वडी. नाचणीची आंबील आवडत असेल तर रात्री करून ठेवा. हे मी 'पोषण' म्हणून सांगत नाहीये. अकराची थरथर जावी म्हणून सांगतेय.

आणि पाणी. तुम्ही लिहिलं नाहीये, पण मीही ट्रेनने फिरलेली बाई आहे. गाडीत सोय नाही, स्टेशनवरचं स्वच्छतागृह बघवत नाही, म्हणून आपण निघायच्या आधी दोन तास पाणीच पीत नाही आणि आलेली लघवी धरून ठेवतो. चरकसंहितेत यावर एक अख्खा अध्याय आहे. त्याचं नावच 'नवेगान्धारणीय'. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असं त्यात सांगितलंय. मूत्र, मल, शिंक, ढेकर, जांभई ही नावं अपेक्षित आहेत. पण त्याच यादीत भूक आहे, तहान आहे, झोप आहे. आणि अश्रूही आहेत. मला ती यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा फार नवल वाटलं होतं. शिंक आणि अश्रू एकाच ओळीत! तुम्ही सकाळी झोप अडवता, मग भूक, मग तहान, मग लघवी, आणि दिवसाच्या शेवटी उरलेले अश्रू नळाच्या आवाजात लपवता. अश्वगंधेच्या डब्याआधी आयुर्वेदातलं हे पान उघडायला हवं होतं. ते फुकट आहे. अर्थात ते पाळायला घर आणि रेल्वे दोघांचीही मदत लागते, तीच मिळत नाही. तरी निदान ऑफिसात पोचल्यापासून पाचपर्यंत पाणी नीट प्या, म्हणजे परतीच्या गाडीत बसायच्या आधी मोकळं होता येईल. डोकेदुखी कमी होते का बघा.

रडण्याबद्दलही म्हणते. नळ बंद करून रडा. घरच्यांना ऐकू आलं तर बिघडत नाही.

आता तुमचं ते वाक्य. गाडी थांबूच नये, अशीच पुढे जात राहावी. दमलेल्या कुठल्याही बाईला असं वाटू शकतं, मलाही वाटलेलं आहे. पण मी तुम्हाला सरळ विचारते, कारण आडून विचारलं की आडूनच उत्तर येतं. या वाक्याचा अर्थ 'मला विश्रांती हवी' एवढाच आहे, की 'मी नसले तर बरं' असा आहे? दुसरा असेल, एकदाही मनात आला असेल, तर हे पत्र बाजूला ठेवा, घरात ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांना आजच सांगा आणि १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पहाटे सव्वातीनलाही. पहिला अर्थ असला, तरी दोन-तीन आठवडे मन असंच राहिलं तर डॉक्टरांना धडधडीबरोबर हेही सांगा. मनासाठी गोळी लागलीच, तर तीही गोळीच आहे, थायरॉइडच्या गोळीसारखी. त्यात कमीपणा नाही. आणि झोपेच्या गोळ्या नकोत म्हणालात, ते डॉक्टरांना सांगा. त्यावर बोलता येतं. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर मात्र वाट बघू नका, लगेच दवाखाना.

एवढं सगळं काढून टाकल्यावर हातात काय उरलं, असं तुम्ही विचाराल. श्वास उरला. योगासनांची चटई अंथरायला तुमच्या घरात पहाटे जागा नाही आणि वेळ तर नाहीच. चार दिवसांत ते सुटलं यात तुमची काही चूक नाही. पण रोज तुमच्याकडे गाडीतला सव्वा-दीड तास आहे, दोन वेळा. चौथी सीट मिळाली असली, उभ्या असलात, तरी हे जमतं. नाकाने श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा; सोडताना सहापर्यंत. मध्ये रोखायचा नाही, बीपी आहे तुम्हाला. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. मिनिटाला सहा श्वास पडतात. मुलुंड मागे पडलं की सुरू करायचं, घाटकोपर आलं की थांबायचं, एवढं सोपं ठेवा. अ‍ॅप लागत नाही. लोणावळ्याला कैवल्यधाम १९२४ साली सुरू झालं तेव्हापासून तिथे प्राणायामावर प्रयोगशाळेत अभ्यास होत आलाय. हे आपल्याकडे नवं खूळ नाही.

मोजणं कंटाळवाणं वाटत असेल तर गाडीच्या डब्यातल्या भजनी मंडळात जाऊन बसा. मी खरंच सांगतेय. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी काही माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' म्हणायला लावलं होतं, आणि दोन्ही म्हणताना त्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. अभंगाची ओळ ओढून म्हणतानाही श्वास लांबच सोडावा लागतो. आपल्या आज्या तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणायच्या तेव्हा त्यांना ठोक्यांचं काही ठाऊक नव्हतं, पण म्हणून झाल्यावर चेहरा उतरलेला नसायचा. श्रद्धा असेल तर चांगलंच. नसेल तर सूर तरी आहे, आणि सकाळच्या गाडीत टाळ वाजवणाऱ्या बायका तुम्हाला गंमत म्हणूनही सामावून घेतील.

रात्रीचं एक काम मी मुलाला नेमून देणार आहे. घरात काशाची वाटी असेल, नसेल तर सासूबाईंच्या जुन्या भांड्यांत सापडेल. तळपायाला थोडं तीळतेल किंवा खोबरेल लावायचं आणि त्या वाटीने दहा मिनिटं घासायचं. पाय काळे होतात, त्याला लोक 'उष्णता निघाली' म्हणतात. ती उष्णता नव्हे, तेल आणि धातू घासल्याचा तो रंग. पण पाय हलके होतात, डोळे मिटायला लागतात, हे मात्र खरं. निकालाच्या धास्तीने तोही रात्री मोबाइलवर बोटं फिरवत बसत असणार. दहा मिनिटं त्याचे हात तेलकट राहिले तर त्याचाही मोबाइल सुटेल. आणि तुमचा फोन झोपायच्या खोलीबाहेर, सासूबाईंच्या खोलीत चार्जिंगला. ध्यान लावायला फोन हातात घेतला आणि आधी ऑफिसच्या ग्रुपवर नजर गेली, असं होत नाही का? होतच असणार. पहाटे जाग आली तर घड्याळ बघू नका. गाडीतला तोच श्वास मोजायचा. वीस-पंचवीस मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बाल्कनीत बसा, पण कामाला हात लावायचा नाही. तीनला कणीक मळली की शरीर शिकतं, की तीन ही उठायची वेळ आहे.

आणि कणकेवरूनच पुढचं. तुमच्या पत्रात सगळे उपाय तुमच्या पोटात जाणारे आहेत. एकही उपाय दुसऱ्या कुणाच्या हाताला काम देणारा नाही. पावणेपाचला उठून किती पोळ्या लाटता? बदलापूर स्टेशनबाहेर पोळीभाजी केंद्रं आहेत, बचतगटाच्या बायका घरी आणूनही देतात. आठवड्यातले तीन दिवस पोळ्या बाहेरच्या. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणता? मग त्यांच्याकडे मदत मागा. गुडघे दुखतात त्यांचे, हात नाही. भाजी निवडणं, लसूण सोलणं, कोथिंबीर खुडणं त्या टीव्हीसमोर बसून करतील आणि कदाचित खूशही होतील, कारण या घरात आपलं काही चालतं हे त्यांनाही वाटायला हवं असतं. मिस्टरांची सकाळची पाळी नसेल त्या आठवड्यात डबे त्यांनी भरायचे. 'त्यांना जमत नाही' हे मला सांगू नका. एमआयडीसीत मशीन चालवणाऱ्या माणसाला कुकर लावता येतो. मुलगा आता मोकळाच आहे. पाणी भरणं, गिरणीतून दळण, सासूबाईंच्या गोळ्या ही त्याची कामं. ही यादी फ्रिजवर लावा आणि लावताना माफी मागू नका. या तीन दिवसांत पाऊण तास जास्त झोपलात, तर माझ्या अनुभवात कुठल्याही चूर्णाहून तो उपाय मोठा ठरतो. चरकानेच आरोग्याचे तीन खांब सांगितलेत, त्यातला पहिला आहार आणि दुसरा झोप.

चालण्याचं शेवटी लिहितेय, कारण ते तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही पत्र मिटवलं असतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला दीडशे मिनिटं सांगते. ऐकायला भारी वाटतं. पण सीएसएमटी ते ऑफिस तुम्ही चालतच असाल, ते धरा. परतीला बदलापूर स्टेशनवरून शेअर रिक्षेच्या रांगेत जेवढा वेळ उभ्या राहता, तेवढ्यात बहुधा निम्मा रस्ता चालून होतो. रस्त्यावर दिवे असतील आणि सोबतीला एखादी मैत्रीण असेल तर चाला. चूर्णवाली मैत्रीण बदलापूरचीच असेल, तर तिलाच घ्या बरोबर.

या आठवड्यात एवढंच: चूर्ण आणि काढा बंद, गोळी साध्या पाण्यासोबत, दोननंतर चहा नाही, डॉक्टरांची वेळ. बाकीचं एकेक करत आणा, सगळं सोमवारपासून सुरू करायच्या भानगडीत पडू नका. नाहीतर हीसुद्धा पावणेपाचला उठून उरकायची आणखी एक यादी होईल. रिपोर्ट आला की टीएसएचचा आकडा मला कळवा. आणि तो चूर्णाचा डबा डॉक्टरांना दाखवून झाला की मैत्रिणीला परत करू नका. ती दुसऱ्या कुणाला तरी देईल.